अंगरक्षकाची कार्बाइन : निवडीपूर्वीचा विचार

१९४४ च्या एप्रिल महिन्यात धुळ्याहून नंदुरबारकडे रवाना झालेला साडेपाच लाख रुपयांचा सरकारी खजिना चिमठाणे गावाजवळ क्रांतिकारकांनी हस्तगत केला, ही हकिकत खानदेशात घरोघरी सांगितली जाते. स्वातंत्र्यलढ्यातील एक तेजस्वी प्रकरण म्हणून तिचे स्मरण होते आणि ते यथार्थच आहे. परंतु ज्याच्या शिरावर आज कोणाच्या तरी जीविताचा अथवा सरकारी ऐवजाचा जिम्मा सोपविलेला आहे, त्याने त्या वीरांना मनोमन वंदन करून हीच हकिकत एकवार पहाऱ्याच्या बाजूनेही वाचून पाहावी. खजिन्याबरोबर हत्यारबंद पहारा होता आणि तरीही खजिना गेला. मोटारीच्या बाकावर गुडघ्यांत धरून ठेवलेली लांब नळीची रायफल, प्रसंग अंगावर कोसळल्यानंतर, दार उघडून, वळवून, खांद्याला लावीपर्यंत जो अवधी लागतो तो हल्लेखोर कधीच देत नाही. आणि याच अडचणीतून आखूड स्वयंचलित बंदूक, जिला आपल्या लष्करात व पोलीस खात्यात सरसकट ‘कार्बाइन’ म्हणतात, ती पहारेकऱ्याच्या हाती आली.

हे लेखन ज्यांच्यासाठी आहे ते वाचक म्हणजे धुळ्याच्या राज्य राखीव पोलीस बल गट क्रमांक ६ मधील जवान, जळगाव व धुळे येथील पोलीस मुख्यालयांतून मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी तैनात होणारे हवालदार, सैन्यातील तरुण अधिकारी, आणि ज्यांच्यापुढे हत्यारांच्या मागणीची दरखास्त सहीसाठी येते ते वरिष्ठ. इतरांच्या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे. चाप दाबून धरला असता काडतुसे संपेपर्यंत गोळ्या सुटतच राहतात असे प्रत्येक हत्यार १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली निषिद्ध शस्त्रांच्या सदरात मोडते आणि केंद्र सरकारच्या खास परवानगीवाचून ते जवळ बाळगणाऱ्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, सात ते चौदा वर्षांपर्यंतची कैद आहे. तेव्हा जळगावचा सराफ असो, रावेरचा केळीचा व्यापारी असो किंवा खासगी सुरक्षा संस्थेचा चालक असो, त्याने खरेदीचा विचार मनातून काढून टाकावा. पुढे वाहन, जागा आणि माणसे यांविषयी जे येईल ते मात्र त्यालाही उपयोगी पडेल.

निवडीचा आरंभ बंदुकीपासून करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कंपन्यांची चकचकीत माहितीपत्रके चाळून, चित्रपटांतील नायकांच्या हाती पाहिलेली हत्यारे आठवून, आणि शेजारच्या राज्याने काय घेतले याची चौकशी करून जी मागणी तयार होते, ती बहुधा मागणी करणाराच्या हौसेची असते, कामाची नसते. आरंभ करावा तो धोक्याच्या स्वरूपापासून. खानदेशात तो कसा आहे? सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्याच्या सीमेवर, गावठी पिस्तुले पकडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून वारंवार येतात. म्हणजे सभेत, लग्नमंडपात किंवा मिरवणुकीत एखाद्या पुढाऱ्यावर हल्ला झालाच, तर तो दोन-चार पावलांवरून, सदऱ्याखालून काढलेल्या पिस्तुलाने अथवा चाकूने होण्याचा संभव अधिक. अशा वेळी अंगाशी असलेल्या रक्षकाला कार्बाइन उचलण्यास सवडच मिळत नाही. त्याने आपले शरीर मध्ये घालावे, एका हाताने आश्रिताची, म्हणजे ज्याचे रक्षण करायचे त्याची, मान खाली दाबावी, दुसऱ्याने हल्लेखोराचा हात झटकावा आणि जागा सोडावी, इतकेच शक्य असते. म्हणून अंगालगतच्या माणसाजवळ पिस्तूल आणि मोकळे हात असावेत. कार्बाइन त्याच्या मागच्या कड्यातील अथवा मागच्या वाहनातील माणसाजवळ असावी, आणि तिचे काम एवढेच की आश्रित गाडीत बसून निघेपर्यंत पाठलाग थोपवून धरावा. लढाई जिंकणे हे रक्षकाच्या कामात बसत नाही, हे ज्यांना पटले त्यांची निम्मी निवड तेथेच झाली असे समजावे.

दुसरा विचार गोळीचा. चांदमारीच्या मैदानात सुटलेली गोळी मातीच्या बांधात शिरते. जळगावच्या सुभाष चौकात धनत्रयोदशीच्या संध्याकाळी किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर बाजाराच्या वेळी सुटलेली गोळी बांध शोधीत नाही. कार्बाइनमध्ये जगभर रूढ असलेले ९ मिलिमीटर व्यासाचे काडतूस हे मुळात पिस्तुलाचे आहे. सुमारे आठ ग्रॅम वजनाची त्याची गोळी सेकंदास चारशे मीटरच्या आतबाहेर वेगाने जाते, शंभर मीटरपलीकडे तिचा भरवसा उरत नाही, आणि चिलखती जाकिटापुढे ती सामान्यतः हात टेकते. परंतु गर्दीत पहारा करणाऱ्याच्या दृष्टीने यांतील मर्यादित वेग आणि पल्ला हे दोष नव्हेतच. रायफलीचे काडतूस घातलेली आखूड कार्बाइन याहून भेदक खरी. पण नळी आखूड केली की त्या काडतुसाची बरीचशी दारू नळीबाहेर जळते, गोळीचा वेग घटतो, आणि जो डोळे दिपविणारा भडका व कान बधिर करणारा आवाज होतो त्याने बंद मोटारीत बसलेल्या आश्रिताचे आणि स्वतः रक्षकाचेही भान हरपते. म्हणून शहरी बंदोबस्तासाठी ९ मिलिमीटर, आणि सातपुड्याच्या जंगलपट्ट्यात अथवा सीमेवर जेथे समोरचा माणूस जाकीट घालून दोनशे पावलांवर उभा असू शकतो तेथे रायफलीचे काडतूस, अशी साधी वाटणी मला योग्य वाटते. एकाच हत्याराने दोन्ही कामे उरकू पाहणाऱ्या मागण्या काटकसरीच्या दिसतात, इतकेच.

गोळ्या सुटण्याच्या गतीविषयी तर कमालीचे गैरसमज आहेत. आपल्याकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तयार होत आलेली १ए१ कार्बाइन मिनिटाला साडेपाचशेच्या गतीने गोळ्या सोडते आणि तिच्या मॅगझिनमध्ये ३४ काडतुसे मावतात. म्हणजे चाप सोडला नाही तर चार सेकंद पुरे होण्याच्या आत बंदूक रिकामी. जर्मन बनावटीच्या एमपी५ ची गती आठशे, मॅगझिन तिसाचे. तेथे सव्वादोन सेकंदांचाच खेळ. हजारांवर गती असलेली चिमुकली यंत्रपिस्तुले याहूनही उतावळी, आणि त्यांतील तिसरी-चौथी गोळी कोठे जाते हे सोडणाऱ्यालाही सांगता येत नाही. मंद गतीची बंदूक हा मागासलेपणा नव्हे. तीत नवशिक्यालाही दोन गोळ्यांवर बोट उचलता येते. जे हत्यार घ्याल त्यावर एकेक गोळी सोडण्याची सोय उत्तम असावी, चापाचा ताण समान असावा, आणि सरावातील बहुतांश गोळ्या एकेकच सुटाव्यात. बर्स्ट, म्हणजे सलग गोळ्यांची फैर, हा अपवाद, आणि तोही हुकमाने.

आता खुद्द यंत्राकडे वळू. १ए१ ही मूळची इंग्रजांची स्टर्लिंग. जॉर्ज पॅचेट या अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिची आखणी केली, १९५३ साली ब्रिटिश सैन्याने तिचा अंगीकार केला आणि पुढे ती कानपुरात उतरली. ही बंदूक आज कितीही जुनाट वाटो, तिच्या घडणीतील दोन गोष्टी प्रत्येक निवड समितीने हातात घेऊन पाहाव्यात. बोल्ट बाहेर काढला की त्याच्या अंगावर तिरप्या, मळसूत्री उंचवट्यांच्या रेघा दिसतात. बोल्ट मागेपुढे धावताना त्या रेघांच्या कडा आतली काजळी आणि माती खरवडून बाजूला लोटतात. मॅगझिनच्या आत काडतुसांना वर ढकलणारा जो तुकडा असतो त्याला साध्या पत्र्याऐवजी दोन लहान रूळ बसविलेले आहेत, त्यामुळे काडतुसे घासत न येता सरकत येतात. वाळवंटात आणि चिखलात लढलेल्या पिढीने केलेला हा विचार आहे. तिच्या आधीची स्टेन, जी युद्धकाळच्या घाईत लाखोंनी निघाली, ती हातातून जमिनीवर आदळताच आपोआप सुटण्याबद्दल कुप्रसिद्ध होती.

स्टेन आणि स्टर्लिंग या दोहोंची जात मात्र एकच. बोल्ट मागे अडकलेला असतो. चाप ओढताच तो जड तुकडा पुढे झेपावतो, वाटेत काडतूस उचलतो, नळीत लोटतो आणि फोडतो. या रचनेत नळी मोकळी राहून थंड होते, हा लाभ. पण नेम धरून चाप ओढल्यावर गोळी सुटण्याआधीच ते वजन पुढे आदळते आणि नेम ढळतो. बोल्ट बंद ठेवून गोळी सोडणारी रचना, जी १९६०च्या दशकात निघालेल्या एमपी५ मध्ये आहे, तीत पहिली गोळी पिस्तुलासारखी स्थिर जाते. १९८० साली लंडनमधील इराणी वकिलातीतील ओलिसांच्या सुटकेच्या वेळी तिची कीर्ती जगभर झाली आणि पुढे आपल्या राष्ट्रीय सुरक्षा दलानेही ती स्वीकारली. ज्याची पहिलीच गोळी गर्दीतून वाट काढीत जायची आहे त्याने बंद बोल्टाची रचना घ्यावी, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तिची किंमत आणि देखभाल अधिक आहे, हे मान्य करूनच हे लिहिले आहे.

वाहनाचा प्रश्न पुस्तकांत क्वचितच सापडतो, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबतो. आपल्या देशात चालक उजवीकडे बसतो आणि अंगरक्षक त्याच्या डावीकडे, पुढच्या आसनावर. १ए१ चे मॅगझिन बंदुकीच्या डाव्या अंगास आडवे बाहेर येते. म्हणजे ती मांडीवर घेऊन बसलेल्या रक्षकाचे मॅगझिन नेमके दाराकडे वळलेले. खड्ड्यात गाडी आपटली की ते दारावर आपटते, दार उघडताना कडीत अडकते, आणि आसनपट्टा काढताना बंदुकीचा पट्टा त्यात गुंतला तर मग विचारूच नका. मुठीतच किंवा खालच्या बाजूस मॅगझिन असलेली बंदूक या दृष्टीने सोयीची. बट मिटलेली असता १ए१ सुमारे ४८ सेंटिमीटर आणि उघडल्यावर ६९; यापेक्षा लांब हत्यार लहान मोटारीत नकोच. परंतु आखूडपणाच्या मोहात बटच नसलेली बंदूक घेणे हे दुसरे टोक. एमपी५के ही एमपी५ ची बटीविना असलेली आवृत्ती जेमतेम साडेबत्तीस सेंटिमीटर आहे, कोटाखाली लपते. पण खांद्याचा आधार नसलेली स्वयंचलित बंदूक दहा पावलांवरही सामान्य शिपायाच्या हातात स्थिर राहत नाही, आणि आपल्याकडे रक्षकांत भरणा सामान्य शिपायांचाच असतो. मिटणारी, पण उघडल्यावर न डुगडुगणारी बट, हाच मध्यममार्ग.

१० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात निवृत्त सरसेनापती जनरल अरुणकुमार वैद्य यांच्यावर मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा ते स्वतः मोटार चालवीत होते आणि रक्षक गाडीतच होता. त्या प्रसंगी रक्षकाजवळ कोणतेही अधिक भारी हत्यार असते तरी निकाल बदलला असता असे म्हणवत नाही. मार्ग, वेळ, मागचे वाहन आणि शेजारी येऊन थांबणाऱ्या दुचाकीकडे लागलेले डोळे, यांनीच काही बदलणार असते तर बदलले असते. हत्याराच्या खरेदीवर जितकी मसलत होते तितकी आसनांच्या मांडणीवर व्हावी. ती फुकट असते, म्हणून होत नाही.

खानदेशचा उन्हाळा ही तर स्वतंत्रच परीक्षा आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो; दुपारी बंद जीपमध्ये ठेवलेल्या बंदुकीचा पत्रा हाताला चटका देतो, तेल पातळ होऊन खाली ओघळते, आणि काळ्या जमिनीची पिठासारखी बारीक धूळ त्या तेलावर बसून राखी लेप तयार होतो. आमच्याकडचा नेहमीचा उपाय म्हणजे अधिक तेल ओतणे, तोच उपद्रव. उन्हाळ्यात तेलाचा हात अगदी कोरडा असावा, कपड्याने पुसून राहील तितकाच अंश. काडतुसांना आणि मॅगझिनच्या आतील भागास तेल मुळीच नको. रिकामी टोपणे बाहेर पडण्याच्या फटीवर झाकण असेल तर ते मिटलेले असावे. पावसाळ्यात तापीकाठच्या दमट हवेत हे गणित उलटते, हे सांगण्याची गरज नाही. ज्या बंदुकीची साफसफाई संत्रीच्या ठाण्यावर, विशेष अवजारांवाचून, दिव्याच्या उजेडात होत नाही, तिची शिफारस मी करणार नाही, मग ती कोणत्याही देशाची असो.

लष्कराच्या गरजा यापेक्षा भिन्न आहेत, त्या थोडक्यात पाहू. रणगाड्याचा चालक, तोफखान्यातील जवान, संदेशवाहक, अशांना रायफल अडचणीची होते म्हणून कार्बाइन. परंतु समोरचा शत्रू चिलखत घालू लागल्यावर ९ मिलिमीटरचे तेज उतरले. यावर पुण्याच्या ‘एआरडीई’ या संरक्षण संशोधन संस्थेने ५.५६ × ३० मिलिमीटरचे खास काडतूस असलेली जेव्हीपीसी कार्बाइन तयार केली. तिचे वजन सुमारे तीन किलो, मॅगझिन मुठीत आणि तिसाचे. १९८०च्या दशकाअखेर पाश्चात्त्य राष्ट्रांनी पिस्तुलाहून भेदक पण रायफलीहून आखूड हत्याराची जी निकड मांडली, आणि जिच्यातून बेल्जियमची पन्नास काडतुसांची पी९० निघाली, त्याच वाटेवरचे हे पाऊल. याच्या उलट, महूच्या इन्फंट्री स्कूलमधील लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी याच संस्थेच्या सहकार्याने २०२१ साली पुढे आणलेली ‘अस्मी’ ही ९ मिलिमीटरचीच आहे. आठ इंची नळी, ३३ काडतुसे, वजन दोन किलोच्या आत. २०२४ मध्ये सैन्याच्या उत्तर विभागाने अशा ५५० बंदुकांची मागणी नोंदविली. सर्वसाधारण पायदळासाठी सैन्याचा ओढा मात्र आता रायफलीच्या ५.५६ × ४५ काडतुसाच्या कार्बाइनकडे आहे. यांतील कोणती थोर, असा वाद घालण्यात अर्थ नाही. हलक्या हाताने, जवळून, वेगाने वापरायची असेल तर अस्मी, आणि जाकीट भेदायचे असेल तर दुसऱ्या दोहोंपैकी एक.

येथे कोतातील, म्हणजे शस्त्रागारातील, एका धोक्याकडे लक्ष वेधतो. ५.५६ म्हटले की आपल्याकडे इन्सासचे काडतूस डोळ्यांपुढे येते, जे जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीने वर्षानुवर्षे बनविले. त्याच्या टोपणाची लांबी ४५ मिलिमीटर. जेव्हीपीसीच्या काडतुसाचे टोपण ३० मिलिमीटरचे. दोन्हींच्या पेट्यांवर ५.५६ लिहिलेले, आणि मागणीपत्रकात कारकून लांबीचा आकडा गाळून टाकतो. बंदोबस्ताच्या आदल्या रात्री चुकीची पेटी उघडणे म्हणजे बंदूक असून नसल्यासारखी. म्हणून नवे काडतूस स्वीकारण्यापूर्वी त्याचा पुरवठा कोठून, वर्षाला सरावासाठी माणशी किती मिळणार, आणि जुन्या काडतुसांपासून ते वेगळ्या खोलीत ठेवता येईल काय, याची लेखी तजवीज झाली पाहिजे. सरावास काडतुसे नसलेली भारी बंदूक ही कपाटाची शोभा.

हत्यार कोणाच्या हाती द्यावयाचे, हा प्रश्न निवडीच्या बाहेरचा नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर त्यांच्याच पहाऱ्यावरील शिपायाने कार्बाइन रिकामी केली. त्या बंदुकीत कोणताही दोष नव्हता. १८२५ साली धरणगावी जेम्स औट्रमने खानदेश भिल्ल पलटण उभारली, तेव्हाही प्रथम माणसांचा विश्वास संपादन करावा लागला आणि मग त्यांच्या हाती शस्त्र दिले गेले; साहेबाच्या हेतूंविषयी आपले मत काहीही असो, क्रम बरोबर होता. रक्षकांची पडताळणी, रजा, कर्जबाजारीपणा, झोप या बाबी आर्मोररच्या वहीत येत नाहीत, परंतु हत्यार देणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेत याव्यात.

अखेरचा टप्पा चाचणीचा. ती निविदा भरणाऱ्या कंपनीच्या थंड दालनात होऊ देऊ नये. मे महिन्यात, भर दुपारी, आपल्याच चांदमारीवर, आपल्याच खात्याच्या मोटारीतून व्हावी. चाचणीसाठी निवडक नेमबाज नकोत; एक ठेंगणा शिपाई, एक डावखुरा, एक चष्मा लावणारा आणि एक महिला शिपाई असे चौघे घ्यावेत, कारण बटीची लांबी आणि सेफ्टीचा खटका यांची खरी पारख त्यांच्याच हातून होते. आसनपट्टा लावलेल्या स्थितीतून नेमाची पहिली गोळी सुटेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजावा. प्रत्येक बंदुकीतून न पुसता पाचशे गोळ्या सोडाव्यात आणि त्या नेहमीच्या पुरवठ्यातील पेट्यांतूनच घ्याव्यात, खास आणलेल्या नकोत. काळोखात, एका हातात विजेरी धरून मॅगझिन बदलायला लावावे. गोळी अडकली की बंदुकीच्या क्रमांकाबरोबर मॅगझिनचाही क्रमांक लिहावा, कारण दोष बहुधा मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांत किंवा थकलेल्या स्प्रिंगमध्ये निघतो आणि शिव्या बंदुकीला बसतात. जे मॅगझिन दोनदा अडले त्याच्यावर तांबड्या रंगाचा पट्टा ओढून ते केवळ सरावासाठी वेगळ्या पेटीत टाकावे, आणि ती पेटी बंदोबस्ताच्या दिवशी उघडली जाणार नाही अशी नोंद करून त्याखाली आर्मोररची सही घ्यावी.